गुरुवारच्या सुया

कोथरूड, पुणे
रविवार, ३ मार्च २००२

चि. शर्मिला,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. डिसेंबरात अभयरावांनी पाठवलेल्या पाकिटावर तुमचा पत्ता होता, तो उतरवून घेतलाय. माझं इंग्रजी अक्षर तुला ठाऊक आहे. पत्र पोचलंच तर तिथल्या पोस्टमनला माझ्यातर्फे जयभीम सांग.

लेकीला, पूर्वाला, घेऊन तू परदेशी गेलीस त्याला पाच महिने झाले. विमानतळावर तू माझ्याशी एवढंच बोललीस, "तीन आठवडे, बाबा. पोर तीन आठवडे पिवळी पडत होती आणि तुम्ही मला फोनवर 'मजेत आहे' सांगत होतात." बरोबर आहे, सांगत होतो. मला वाटलं, कावीळ आपल्याला कळते. पस्तीस वर्षं कंपाउंडरकी केली, शेकड्यांनी काविळी बघितल्या. मुगाची खिचडी, ग्लुकोज, आराम. महिन्यात डोळे पांढरे होतील आणि तुला कळायचंही नाही. नाहीतर तू नोकरी टाकून धावत येशील. शेवटी धावत आलीसच. त्या रागाने तू माझ्याशी बोलत नाहीस, त्याची माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती करायला मला तोंड नाही.

मी तुमच्या फ्लॅटमध्येच राहतोय. भात अजून दोघांचा लावला जातो. हात तेवढेच तांदूळ घेतो, मी काय करू? सकाळी उरलेला फोडणीला टाकतो आणि दुपारीही तोच खातो. पूर्वाने बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलने काढलेली माणसं मी पुसलेली नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी गळती बघायला आले होते. म्हणाले, "ओव्हाळ, भिंत रंगवून घ्या." मी म्हटलं, आधी तुमची गळती थांबवा.

गोदाबाई आता येत नाहीत. तू जायच्या आदल्या दिवशी त्यांना जे बोललीस त्यानंतर त्यांनी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि गेल्या. पूर्वाला माझ्याकडे ठेवून तुम्ही दोघं तिकडे होतात ती दोन वर्षं त्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आणलं. असो. त्याविषयी आज लिहीत नाही.

आज एका कामासाठी लिहितोय. लिव्हरच्या मॅडमनी आपल्याला समजावलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय आणि रोज वाचतो. पूर्वाच्या रक्तात काविळीचा बी नावाचा विषाणू होता तो तुझ्याकडून, तुझ्यात तुझ्या आईकडून. जन्माच्या वेळी येतो, त्यात कुणाचा दोष नाही. बी असलेली मुलं वर्षानुवर्षं हसतखेळत राहतात. तिच्यात सापडलेल्या दुसऱ्या विषाणूचं, डीचं, तसं नाही. त्याला एकट्याला माणसाच्या अंगात राहताच येत नाही, आधी बी लागतो. तो बहुतेक रक्तातून येतो आणि आला की गप्प बसलेलं दुखणं उठवतो. मोठ्या माणसाचं लिव्हर जे वीस वर्षांत खराब होईल, ते पोराचं पाच-सात वर्षांत होऊ शकतं. मॅडमचे हे शब्द आहेत, माझे नाहीत.

तर शर्मिला, तूही तुझ्या रक्तात डी आहे का ते बघून घे. तुझ्यातही बी आहे. का, ते विचारू नकोस. बाप म्हणतोय म्हणून घे. टेस्ट करून घे आणि चार ओळी टाक. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पूर्वाला पापा.

बाबा

*

कोथरूड
रविवार, २१ एप्रिल २००२

चि. शर्मिला,

काल अभयरावांचा फोन आला. तू बाहेर गेली होतीस म्हणे. तू बाहेर गेल्यावरच त्यांना माझी आठवण येते, हे मला समजतं. जावई म्हणून भला माणूस आहे.

त्यांच्याकडून कळलं की पूर्वाला आठवड्यातून तीन इंटरफेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत, तूच घरी देतेस, आणि इंजेक्शनच्या दिवशी तिला ताप येतो. केस गळतात म्हणाले. शाळेत टोपी घालून जाते. मी पुढे विचारलंच नाही. आपल्या पोरीला सुई टोचताना हात कसा होतो, ते मला माहीत आहे.

मग मी तुझ्या टेस्टचं विचारलं. ते म्हणाले, "बाबा, इथल्या डॉक्टरला तिने विचारलं. तो म्हणतो, कारण काय? रक्त घेतलंत का, ऑपरेशन झालं का, बाहेर कुठे सुई टोचून घेतलीत का? नाही ना? मग कशाला? इथे कारण असल्याशिवाय इन्शुरन्सवाले टेस्ट करू देत नाहीत." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "शर्मिला हल्ली फार थकते. संध्याकाळी आली की पडूनच असते."

ते ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

थकण्याला शंभर कारणं असतात. नोकरी, स्वयंपाक, आजारी पोर. तरी तुझी आईसुद्धा आधी थकायचीच. सुंदराबाई ओव्हाळ, कधी दुपारी पाठ न टेकणारी बाई, एक्याण्णव साली चारच्या उन्हात चटईवर पडून राहायला लागली. मी तिला टॉनिकं पाजत राहिलो. मग पोट फुगलं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी बघितलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "ओव्हाळ, लिव्हर गेलंय." बी म्हणून काही असतं, हे तेव्हा आमच्या दवाखान्यात कुणी उच्चारत नव्हतं. ते मला नव्व्याण्णव साली कळलं, सोसायटीत लस टोचायचा कॅम्प झाला तेव्हा. आधी सगळ्यांचं रक्त तपासलं. मी आणि अभयराव निगेटिव्ह निघालो, तू आणि चार वर्षांची पूर्वा पॉझिटिव्ह. कॅम्पचा डॉक्टर म्हणाला, "काही करायचं नाही, सहा महिन्यांनी तपासत राहा." काही करायचं नाही! त्याचं काय जातंय म्हणायला?

डॉक्टरला कारण सांग की तुझी आई लिव्हरने गेली. तेवढं पुरेल.

आता एक गोष्ट, जी तुला आठवत असेलच. लिव्हरच्या मॅडमनी पूर्वाला तपासताना विचारलं होतं, "हिला इंजेक्शनं दिलीत का कधी?" मी म्हटलं, टॉनिकची दिलीत. त्यांनी विचारलं, "डिस्पोजेबल सुई होती का?" मी उत्तर द्यायच्या आत तू बोललीस, "मॅडम, माझे बाबा सुया वीस मिनिटं उकळतात. घड्याळ लावून. मी लहानपणापासून बघत आलेय." तेव्हा तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस, तीन आठवड्यांचा राग ताजा होता. तरीही माझ्या बाजूने तू ताडकन बोललीस. मग मॅडमचं लक्ष पूर्वाच्या कानांकडे गेलं. कान कुणी टोचले, कशाने टोचले? आणि सगळं गोदाबाईंवर आलं, कारण कान त्यांनीच टोचले होते, गजरे ओवायच्या सुईने.

ती सुई त्यांनी गॅसवर लालभडक करून घेतली होती. मी समोर उभा होतो. हे मी त्या दिवशी मॅडमना सांगायला हवं होतं.

परवा जयंतीला वस्तीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, "पस्तीस वर्षं गोरगरिबांची आरोग्यसेवा". भाषण करणारा पोरगा तुझ्याहून लहान. त्याने सांगितलं की ओव्हाळकाकांच्या हाताची सुई कळत नाही. टाळ्या पडल्या. मी शाल घेतली आणि घरी आलो. ती अजून पिशवीतच आहे.

सुई कळत नाही, हे मात्र खरं होतं गं. सहासष्ट साली साहेबांकडे लागलो तेव्हा गावठाणात दोन घरं अशी होती, जिथे मला पाणी वरून ओतून मिळायचं. त्याच घरातले लोक दोन वर्षांनी माझ्यासमोर दंड उघडा करून बसायला लागले. "साहेब नको, ओव्हाळांना बोलवा, त्यांचा हात हलका आहे." मी रविवारी तेलाच्या दगडावर सुया पाजळायचो, एकेक टोक भिंगातून बघायचो. माझ्याकडे दुसरं काय होतं? शिक्षण नववी. त्या सुईवर तुला इंजिनिअर केलं.

हे सगळं का लिहितोय कळत नाही. तू टेस्टचं बघ.

बाबा

*

कोथरूड
रविवार, २६ मे २००२

चि. शर्मिला,

तुझं उत्तर नाही. अभयरावांनी सायबर कॅफेच्या पत्त्यावर ईमेल पाठवली होती, ती तिथल्या मुलीने मला वाचून दाखवली. तुझी आई लिव्हरने गेली हे कारण डॉक्टरला पटलं नाही. तो म्हणतो, त्याने बी आला, आणि बी आहे हे आम्हाला माहीतच आहे. डीचं कारण सांगा.

पक्का आहे तुझा डॉक्टर.

आज बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो. येताना मंडईत मुक्ताई भेटल्या. तू त्यांना ओळखत नाहीस. गावठाणातला हिंदुराव, त्याची ही बायको. हिंदुराव भोसरीच्या एका कारखान्याची बस चालवायचा. आधी प्यायचा, मग सोडली, आणि सुटल्यावर अशक्तपणा आला म्हणून आमच्याकडे ताकदीची इंजेक्शनं घ्यायचा. भोसरीला गुरुवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी यायचा. जाड मिशा, आल्या आल्या खुर्ची पुसायचा. पूर्वाला तो "कलेक्टरीणबाई" म्हणायचा.

मुक्ताईंच्या कपाळावर काही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "गेले की हो फेब्रुवारीत. सरकारी दवाखान्यात होते महिनाभर. रक्ताची उलटी झाली." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. भाजीच्या पिशवीत हात घालून त्या मेथी नीट करत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणले, यांना जुनी कावीळ होती बी नावाची, आणि तिच्यावर दुसरी चढली होती. डी का काय. हजारात एखाद्याला होते म्हणले."

मी घरी आलो. मेथी मीही घेतली होती, ती नळाखाली धरली आणि नळ वाहू दिला. खालच्या मजल्यावरून ओरडायला लागले तेव्हा बंद केला.

पूर्वाला इंजेक्शन मी दवाखान्यातच द्यायचो, हे तुला माहीत आहे. वार माहीत आहे का?

पुढचं आज लिहीत नाही. हे पत्र पेटीत टाकेन की नाही, तेही माहीत नाही.

(टाकतोय. बुधवार.)

*

कोथरूड
गुरुवार, ११ जुलै २००२

शर्मिला,

तुझ्या डॉक्टरला कारण पाहिजे ना? हे घे कारण. त्याला इंग्रजीत करून सांग.

आज गुरुवार आहे आणि लाइट नाही. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, सकाळी जाते ती कधी दुपारी येते, कधी संध्याकाळ उलटते. आमचा स्टरलायझर विजेचा होता. आधी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यावर पातेलं ठेवायचो. तू लहानपणी बघितलंस ते हे पातेलं. वीस मिनिटं, घड्याळ लावून, अगदी खरं आहे. ब्याण्णव साली साहेबांनी विजेचा आणला आणि स्टोव्ह भंगारात दिला. दवाखाना मॉडर्न झाला.

गुरुवारी संध्याकाळी साहेब येत नसत, त्यांची सुट्टी. चालू इंजेक्शनं तेवढी मी द्यायची. म्हणजे गुरुवारी दवाखान्यात मीच साहेब. लोक "डॉक्टर" म्हणायचे आणि मी दुरुस्त करत नव्हतो. माझ्याकडे काचेच्या दोन सिरिंजा आणि सहा सुया. पेशंट वीस-पंचवीस. लाइट असली तर एक खेप वापरायची, एक उकळायची. नसली तर? दार बंद करायचं आणि पाटी लावायची, "वीज नाही, उद्या या." एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. माणसं बाकावर बसलेली, माझी वाट बघतायत, त्यांना परत पाठवायचं मला जमलं नाही. थर्मासातलं गरम पाणी सुईतून दोनदा काढायचो, स्पिरिटचा बोळा फिरवायचो आणि पुढच्याला घ्यायचो. आमच्या डोक्यात स्पिरिट म्हणजे सगळं मेलं. कुणाला काही झालं नाही इतकी वर्षं. म्हणजे, झालेलं मला कळलं नाही.

पूर्वाला आठवड्यातून एक लिव्हर एक्स्ट्रॅक्ट आणि बी-कॉम्प्लेक्स मी माझ्या मनाने सुरू केलं. जून दोन हजारपासून, तू जानेवारीत गेलीस त्यानंतर. कुणी सांगितलं नव्हतं. "काही करायचं नाही" हे मला सहन होईना. तुझ्या आईच्या वेळी उशीर झाला, हिच्या वेळी आधीपासून ताकद भरू, असं वाटलं. तिच्या शाळेला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवार. गोदाबाई तिला घेऊन यायच्या, साडेसहाला. हिंदुराव सहाला यायचा. कधी तो उठला की लगेच त्याच खुर्चीवर पूर्वा बसायची.

कपाटात डिस्पोजेबलचं शंभराचं खोकं होतं, शर्मिला. कॅम्पनंतर साहेबांनीच मागवलं होतं, बी असलेल्यांसाठी वापरा म्हणून. पहिल्या दिवशी मी पूर्वाला त्यातलीच सुई टोचली. ती इतकी रडली की उचकी लागली. पुढच्या गुरुवारी मी माझी सुई घेतली, दगडावर पाजळलेली. तिला कळलंसुद्धा नाही. "झालं?" म्हणाली, आणि हसली. मग मी त्या खोक्याला हात लावला नाही. तिला बी आहे म्हणून तिची सुई वेगळी ठेवायची असते, एवढी अक्कल मला होती. तिला टोचलेली सुई मी नंतर नीट बाजूला ठेवायचो, दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. तिच्या आधी ती कुणाला लागलीय, ते बघितलं नाही. माझ्या लेखी धोका पूर्वाकडून लोकांना होता. लोकांकडून पूर्वाला असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. ज्याला आधीच बी आहे त्याला आणखी काय होणार?

आता तुझं. डिसेंबर दोन हजारात तू दोन आठवड्यांसाठी आलीस. आल्या आल्या तुला उलट्या लागल्या आणि मी तुला तीन दिवस इंजेक्शनं दिली, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मंगळवारी आणि बुधवारी सुया उकळलेल्या होत्या, शपथ घेऊन सांगतो. गुरुवार २१ डिसेंबरला लाइट सातला आली. तू पावणेसातला आलीस. दार ढकलून म्हणालीस, "बाबा, अंधारात कशाला टोचता?" मी म्हटलं, माझा हात अंधारातही हलका आहे.

हे कारण आहे. टेस्ट कर. आजच्या आज कर.

मॅडमनी विचारलं तेव्हा मला हे सगळं माहीत नव्हतं, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. हिंदुरावचं माहीत नव्हतं, हे खरं. गुरुवारचं माहीत होतं. तू "वीस मिनिटं" म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो, कारण तू माझ्या बाजूने बोलत होतीस. मग तू गोदाबाईंना बोललीस, "तुमच्या घाणेरड्या सुईने माझ्या पोरीची वाट लावली." तेव्हाही मी गप्प बसलो. पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता की सुलटा, ते आठवत नाही.

पहिल्या पत्रातच हे लिहायला हवं होतं. चार महिने मी तुला "कर गं, कर गं" करत बसलो आणि कारण दाबून ठेवलं. का? तू फोन उचलत नाहीस तरी कधीतरी उचलशील, असं वाटत होतं. हे वाचल्यावर उचलणार नाहीस. पूर्वा मोठी झाली की विचारेल आणि तू सांगशील. सांग. माझी बाजू घेऊ नकोस.

मला रडायला येत नाही, आलं असतं तर बरं झालं असतं.

हे रजिस्टर्ड टाकतोय.

बाबा

*

कोथरूड
शनिवार, १७ ऑगस्ट २००२

शर्मिला,

तुझा फोन येऊन नऊ दिवस झाले. सकाळी सातला घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, गॅसवाला. दहा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. आपलं बोलणं एवढंच झालं, ते मी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर माझ्याकडून त्यात भर पडायला नको.

तू म्हणालीस, "टेस्ट केली."

मी म्हटलं, काय आलं?

तू म्हणालीस, "ते तुम्हाला सांगायचं की नाही, हे मी ठरवलेलं नाही." मग विचारलंस, "बाबा, किती लोकांना?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, तुला आणि पूर्वाला. तू म्हणालीस, "गुरुवारी बाकावर किती लोक असायचे?" मागून पूर्वाचा आवाज आला, इंग्रजीत काहीतरी विचारत होती. आवाज जाड झालाय तिचा. आणि तू फोन ठेवलास.

इतके महिने मी आपल्या घरापुरताच विचार करत होतो. ब्याण्णवपासून दवाखाना बंद होईपर्यंत किती गुरुवार झाले? ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्या आलं.

तर ऐक काय केलं ते. आधी साहेबांकडे गेलो. ते आता ऐकायला कमी येतं म्हणून यंत्र लावतात. सगळं सांगितलं. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ओव्हाळ, झालं ते झालं. आता गावभर कशाला सांगत सुटता? तुमचं नाव जाईल, माझंही जाईल." यंत्र काढलं होतं म्हणून मी मोठ्याने ओरडून सांगितलं की मी सांगणार आहे. त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं आणि दार दाखवलं.

मग लिव्हरच्या मॅडमकडे गेलो. त्या रागावल्या, खूप रागावल्या, आणि मग म्हणाल्या, "आठवतील तेवढ्यांना घेऊन या. आधी सगळ्यांचा बी बघू. नसेल त्यांना लस देऊ, असेल त्यांचा डी तपासू. मुलांना आधी आणा."

तेव्हापासून रोज दोन-तीन दारं वाजवतो. काय सांगू तुला! मला वाटलं होतं लोक मारतील. एका निवृत्त शिक्षिकेने तोंडावर दार लावलं, ते बरं वाटलं. बाकीचे ऐकूनच घेत नाहीत. रंगकाम करणारा कचरू, त्याच्या दोन्ही मुलींना मी तापाची इंजेक्शनं दिली होती. मी त्याला सगळं समजावलं आणि तो हसून बाही वर करायला लागला. "काका, तुमच्या सुईने कुणाला काय होणार? उलट एक ताकदीचं द्या की, पाठ धरलीय." मी त्याच्या दारात उभा राहून शिव्या दिल्या, त्याला आणि मला. मग घाबरून आला मुलींना घेऊन. थोरलीला बी आहे. डी नाही. ती अकरा वर्षांची आहे. बी माझ्यामुळे की आईकडून, हे मॅडमना सांगता येत नाही. आतापर्यंत सतरा माणसं झाली. मुक्ताईंना आणि त्यांच्या मुलालाही नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, "मग ह्यांना ते तुमच्या सुईतून आलं का?" मी म्हटलं, त्यांच्याकडून माझ्या सुईत आलं असेल, किंवा माझ्या सुईतून त्यांच्याकडे. दोन्ही असू शकतं. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

गोदाबाईंकडे जायला मी शेवटपर्यंत धजत नव्हतो. परवा गेलो. त्या आता डोंगराच्या बाजूला पुतण्याकडे राहतात. दारात बसून गजरे ओवत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी उभ्या उभ्या सांगितलं, सुई तुमची नव्हती, माझी होती. तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी तोंड शिवून बसलो होतो. माफी मागायलाही मला लाज वाटते, पण मागतो.

त्यांनी धागा दातांनी तोडला. म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"सम्दं. पोरीला दर गुरुवारी मीच आणीत न्हवते का? त्या मिशावाल्याला टोचून तुम्ही सुई गरम पाण्यात बुचकाळायचा, ते मला दिसत न्हवतं व्हय? आमच्या गावाकडची सुईणबी जास्त उकळायची."

मी विचारलं, मग शर्मिलाने तुम्हाला तसं बोलल्यावर तुम्ही गप्प का राहिलात? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी अगदीच मूर्ख असल्यासारख्या.

"पोरीला मी काय, परकी बाई. मी गेले तर गेले. तुमचं नाव घेतलं असतं तर तिचा आजा गेला असता. आई लांब, बाप लांब. तिला कुणीतरी घरचं राहायला नगं का? मला काय ठावं, शर्मिलाताई पोरीलाच घिऊन जातील म्हनून."

मग त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं, केस गळतात, टोपी घालते. त्या रडल्या, शर्मिला. माझ्यासमोर पदर तोंडाला लावून रडल्या. मी तिथेच पायरीवर बसलो आणि मलाही रडायला आलं, किती दिवसांनी. पुतण्याची बायको बाहेर येऊन बघून आत गेली.

आता माझं एवढंच ऐक. मला फोन करू नकोस. गोदाबाईंना कर. पुतण्याच्या घरचा नंबर मागे लिहिलाय, सकाळी त्या घरीच असतात. तू त्यांना जे बोललीस ते तुझ्या तोंडून परत घे, ते मी तुझ्यासाठी करू शकत नाही. पूर्वाला त्यांच्याशी बोलू दे. तिला मराठी आठवत असेल तर.

आणि तुझ्या टेस्टचं काय आलं ते त्यांना सांग. मी त्यांना विचारणार नाही, तसं कबूल करून आलोय. मला कळवायचं की नाही, ते त्या ठरवतील.

बाबा